सोनखताची कोठी

आपल्यापैकी ज्यांच्या घरापुढे लॉन आहे, त्यांच्या गराजच्या एखाद्या कोपऱ्यात 'मिलॉर्गनाइट' नावाच्या खताचं पोतं असण्याची शक्यता बरीच आहे. मोहरीएवढे काळपट-तपकिरी दाणे, पोत्याचं वजन ३२ पाउंड, आणि तोंड उघडलं की येणारा एक मातकट, किंचित उग्र वास. हे दाणे म्हणजे मिलवॉकी शहराच्या सांडपाण्यातून निघालेला, भट्टीत वाळवलेला गाळ आहे, हे मात्र अनेकांना पोतं अर्धं संपल्यावर कळतं. मग फोन येतो. ''अहो, हे घरात ठेवलं तर चालतं ना? वास नाही ना सुटणार?''

फोन मला येतो, कारण मी गेली पंचवीसएक वर्षं याच धंद्यात आहे. सांडपाणी शुद्ध केल्यावर मागे उरणारा गाळ वाळवायचा आणि त्याला गिऱ्हाईक मिळेपर्यंत नीट सांभाळायचा, हे माझं काम. विषय नाकाला रुमाल लावण्यासारखा आहे हे कबूल. तेव्हा हा लेख जेवणाआधी वाचू नये. पण गराजमधल्या पोत्याचा आणि हजार टनांच्या सायलोचा प्रश्न एकच आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या आज्यांना वाळवणाच्या निमित्ताने चांगलं ठाऊक होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मिलवॉकीचं. १९१४ साली इंग्लंडात मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा सोडून जिवाणूंकडून ते शुद्ध करून घेण्याची पद्धत जाहीर केली. सांडपाणी स्वच्छ होई, पण जिवाणू खाऊन-पिऊन वाढत आणि त्यांचाच ढीग उरे. मिलवॉकीने मिशिगन सरोवराच्या काठी जोन्स आयलंडवर या पद्धतीचा मोठा कारखाना उभारला आणि तो १९२५ साली चालू झाला. ढिगाचं करायचं काय? विस्कॉन्सिन विद्यापीठात ओ. जे. नोअर यांनी त्याचे प्रयोग केले आणि गवताला, विशेषतः गोल्फच्या मैदानांना, हे खत फार मानवतं असं दिसलं. १९२६ पासून ते विक्रीला आहे. नावही स्पर्धा लावून निवडलं: मिलवॉकी, ऑरगॅनिक आणि नायट्रोजन या तीन शब्दांचे तुकडे जोडून. शंभर वर्षं एखाद्या नगराने आपला मैला पोत्यात भरून देशभर विकावा आणि लोकांनी तो दाम मोजून घ्यावा, हे साधं काम नव्हे.

आपल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही. मराठीत मैल्याच्या खताला 'सोनखत' हा शब्द आहे. इतका देखणा शब्द इंग्रजीलाही सुचला नाही. (त्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला 'बायोसॉलिड्स' असा एक गुळगुळीत शब्द घडवला. मला तो अजून परका वाटतो.) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या म्युनिसिपालटीचं सोनखत मुठा कालव्यावरच्या उसाच्या मळ्यांत जात असे. मैल्यात राख आणि केर मिसळायचा, उन्हात वाळवायचा आणि मग गाड्या भरायच्या. शेतकरी सुरुवातीला नाक मुरडत होते. उसाने अंग धरल्यावर तेच गाड्यांची वाट पाहू लागले. हे वाहणारे हात कोणत्या जातीचे होते ते सांगायला नको. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी ही गाठ सोडवण्यासाठी आयुष्य घातलं. १९३२ साली तुरुंगात असताना सफाईचं काम आपल्यालाही करू द्यावं म्हणून त्यांनी अन्न सोडलं, आणि त्यांना पाठिंबा म्हणून गांधीजींनी येरवड्यात उपास केला. अप्पासाहेबांच्या संडासाचं तंत्र सोपं होतं: मैल्यावर लगेच माती आणि पालापाचोळा टाकायचा, म्हणजे ओल शोषली जाते, माशी बसत नाही आणि वास येत नाही. आमच्या कोट्यवधी डॉलर्सच्या ड्रायरचंही तत्त्व ओल काढून घेणं हेच आहे.

आता थोडी आकडेमोड. सांडपाणी केंद्रात गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये किंवा पट्ट्यांच्या दाबयंत्रात पिळतात. जे निघतं त्याला 'केक' म्हणतात. (ज्याने हे नाव ठेवलं त्याला वाढदिवसाला कोणी बोलावत नसावं.) या केकमध्ये साधारण पाव भाग घन आणि पाऊण भाग पाणी असतं. असा शंभर किलो केक वाळवून त्यात फक्त आठ टक्के पाणी ठेवलं तर उरतात सुमारे सत्तावीस किलो. ट्रक चारऐवजी एक लागतो. शिवाय उष्णतेने रोगजंतू मरतात, आणि दाणे झाल्यामुळे पेरणीच्या यंत्रातून टाकता येतात.

मग साठवायचं कशाला, लगेच विकावं की, असं वाटेल. अडचण अशी की शहर रोज संडासला जातं, पण शेतकरी आणि लॉनवाले वर्षातून दोनदाच खत मागतात: वसंतात आणि शरदात. आमच्या मिडवेस्टमध्ये डिसेंबरपासून मार्चपर्यंत जमीन गोठलेली असते. तिच्यावर खत टाकलं तर बर्फ वितळताच ते वाहून ओढ्यात जाईल. म्हणजे चार-पाच महिन्यांचा माल कुठेतरी ठेवावाच लागतो. वासाची भानगड या मुक्कामात होते.

वास कसा तयार होतो हे समजलं की बाकीचं आपोआप समजतं. गाळ म्हणजे मुख्यतः जिवाणूंची शरीरं, म्हणजे प्रथिनं. प्रथिनांत गंधक आणि नायट्रोजन असतो. ओल आहे आणि हवा पोचत नाही अशा जागी दुसरे जिवाणू ही प्रथिनं फोडतात. गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड होतो, त्याला कुजक्या अंड्याचा वास. मिथाइल मरकॅप्टन होतो, त्याला सडक्या कोबीचा. नायट्रोजनपासून अमोनिया आणि ट्रायमिथाइल अमाइन. हा दुसरा म्हणजे खाऱ्या मासळीचा वास. मरकॅप्टन ही अशी चीज आहे की हवेच्या एक अब्ज भागांत एखाददुसरा भाग असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम जो वास लावतात तोही याच कुटुंबातला. म्हणून ''अगदी थोडाच वायू सुटतोय'' असं शेजाऱ्यांना सांगणं निरर्थक असतं. थोडाच पुरतो.

या सगळ्या पाकक्रियेला पाणी लागतं. दाण्यातली ओल दहा टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणूंना प्यायलाच काही मिळत नाही आणि ते झोपतात. मेलेले नसतात सगळे, आणि मेले तरी हवेतून, धुळीतून नवे येऊन बसतात. दाणे पुन्हा भिजले की जेवण मांडलेलंच असतं. कुरडया-पापड कडकडीत वाळवून डब्यात भरले तर वर्षभर टिकतात, आणि डब्याला पावसाळी हवा लागली की आठवड्यात कुबट होतात, हेच ते. त्यातही, ड्रायरमध्ये जाण्याआधी गाळ डायजेस्टरमध्ये महिनाभर पचलेला असेल तर भिजल्यावर वास कमी, कारण जिवाणूंच्या आवडीचा भाग आधीच मिथेन होऊन गेलेला असतो. न पचलेला गाळ नुसताच वाळवला असेल तर तो सुका असताना साधू आणि ओला झाला की भूत.

ई.पी.ए.चा १९९३ चा जो 'भाग ५०३' नावाचा नियम आहे त्यात हा फरक धरलेला आहे. पचलेला गाळ ७५ टक्के घन होईपर्यंत वाळवला तरी माशा-उंदरांच्या दृष्टीने पुरे समजतात. न पचलेला प्राथमिक गाळ त्यात असेल तर ९० टक्के व्हावा लागतो. रोगजंतूंसाठीचा नियम वेगळा: उष्णतेने वाळवून 'अ' वर्गाचं खत म्हणवून घ्यायचं तर ९० टक्के घन, आणि दाणे किंवा ड्रायरमधून बाहेर पडणारी हवा ८० अंश सेल्सिअसच्या वर. शिवाय ढीग दोन वर्षांहून जास्त पडून राहिला तर सहसा त्याला साठवण म्हणत नाहीत, विल्हेवाट म्हणतात. नियम चांगला आहे, पण त्यात शेजाऱ्याच्या नाकाचा उल्लेख नाही. वास हा स्थानिक कायद्यांचा आणि माणुसकीचा विषय राहिला.

न्यूयॉर्कचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. तिथला गाळ बोटींतून समुद्रात नेऊन टाकत असत. १९८८ साली काँग्रेसने त्यावर बंदी घातली आणि जून १९९२ मध्ये शेवटची बोट गेली. मग ब्राँक्समध्ये हंट्स पॉइंटला गाळ वाळवून गोळ्या करण्याचा कारखाना निघाला. हंट्स पॉइंट म्हणजे गरीब, बहुतांशी लॅटिनो आणि काळ्या लोकांची वस्ती. आधीच ट्रक, कचरा-डेपो आणि दम्याने गांजलेली. वाळवलेल्या गोळ्या सभ्य असल्या तरी वाळवताना गाळातली वाफ सगळा वास घेऊन बाहेर पडते, आणि ती नीट धुतली-जाळली नाही तर वस्तीवर उतरते. रहिवासी वर्षानुवर्षं तक्रारी करत होते. २००८ साली ते कोर्टात गेले. २०१० मध्ये शहराने करार संपवला आणि कारखाना बंद झाला. त्यानंतर शहराचा बराच गाळ न वाळवता, केकच्याच रूपात, दूरच्या लँडफिलकडे जाऊ लागला.

त्यातलाच काही २०१८ साली अलाबामातल्या पॅरिश नावाच्या हजारभर वस्तीच्या गावी पोचला. एका खाजगी लँडफिलकडे निघालेले ते रेल्वेचे डबे. शेजारच्या गावाने कोर्टातून आपल्या हद्दीत थांबायला मनाई आणल्यावर पॅरिशच्या यार्डात, मुलांच्या बेसबॉलच्या मैदानाजवळ, उभे राहिले आणि सुमारे दोन महिने तिथेच राहिले. वर्तमानपत्रांनी 'पूप ट्रेन' म्हणून मजा केली. गावाला मजा वाटली नाही. लोक दारं-खिडक्या बंद करून बसत. माझ्या दृष्टीने त्यात रहस्य काहीच नव्हतं. पिळलेला पण न वाळवलेला गाळ, बंद डबे आणि अलाबामाची उबदार हवा: मरकॅप्टन करण्याची याहून चांगली कृती मलाही लिहिता आली नसती. पिळल्यानंतरचे पहिले काही दिवस ते दोन-तीन आठवडे हाच वासाचा कळस असतो. नेमका तेवढा काळ तो माल माणसांच्या शेजारी ठेवला. ब्राँक्समधल्या लोकांचा वास गेला नाही, तो फक्त हजार मैल दक्षिणेला सरकला.

वाळवलेला माल असूनही बोंबाबोंब कशी होते याचा एक अनुभव सांगतो. मिडवेस्टमधल्या एका मध्यम गावाने मला बोलावलं होतं. दाणे उत्तम, ९२ टक्के घन. वर पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंना भिंती, पुढची बाजू लोडरसाठी उघडी. तरी पलीकडच्या घरांतून तक्रारी. अधिकाऱ्यांचं म्हणणं असं की माल कोरडा आहे, प्रयोगशाळेचा दाखला आहे, तेव्हा वास लोकांच्या मनात आहे. त्यांनी अत्तरासारखा फवारा लावून पाहिला होता. त्याने सडक्या कोबीत लिंबू पिळल्यासारखं झालं. तक्रार करणाऱ्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी सहा महिने वहीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि वासाचं वर्णन लिहून ठेवलं होतं. ऑफिसात त्या वहीची चेष्टा चालायची. मी ती मागून घेतली आणि विमानतळाच्या हवामानाच्या नोंदींशी लावून पाहिली. वास जवळजवळ नेहमी पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि संध्याकाळी सातनंतर.

पाऊस पडला की अंगणातलं पाणी उताराने शेडच्या उघड्या तोंडातून आत शिरत होतं. वरून ढीग खडखडीत, पण तळातला फूटभर थर चिखल झालेला. प्रयोगशाळेचा नमुना अर्थातच वरून घेतलेला. संध्याकाळी दुसऱ्या पाळीचा लोडर ढिगाच्या बुडात बकेट घाली तेव्हा तो चिखल उघडा पडे. आणि नेमकी त्याच वेळी हवा थंड होऊन जमिनीलगत बसते, वारा पडतो, वास वर न जाता पाण्यासारखा उतारावरून घरांकडे वाहतो. उपाय फारसा खर्चाचा नव्हता. दारात डांबराचा उंबरा आणि बाहेरच्या बाजूला उतार, तोंडाला जाड पडदा, तळाचा ओला माल वेगळा काढून लाकडाच्या चिपांबरोबर कंपोस्टला, आणि माल हलवायचा तो फक्त सकाळी दहा ते दुपारी दोन, ऊन तापून हवा वर चढत असताना. जुना माल आधी बाहेर, नवा नंतर. ती वही नंतर गावाने अधिकृतपणे चालू ठेवली, एवढं मला बरं वाटलं.

पाण्याचा एक चोरटा मार्ग छपरातून नव्हे, मालातूनच असतो. ड्रायरमधून निघालेले दाणे गरम असतात. ते तसेच थंड सायलोत ओतले तर वाफ धरून आतल्या भिंतींना पाणी सुटतं. गरम पोळ्या डब्यात भरल्यावर झाकणाला सुटतं तसं. ते ओघळून कडेने पापुद्रे धरतात आणि तिथून वास सुरू होतो. म्हणून दाणे आधी निववायचे, साधारण ४० ते ५० अंश सेल्सिअसच्या खाली आणायचे आणि मगच कोठीत टाकायचे.

निववण्याचं दुसरं कारण वासाहून गंभीर आहे. वाळलेला गाळ हे चांगलं जळण आहे. मोठ्या ढिगात पोटातली उष्णता बाहेर पडू शकत नाही. दाणे हवेतला प्राणवायू आणि ओल हळूहळू घेत असतात आणि त्यातून आणखी उष्णता होते. गावाकडे अर्धवट वाळलेल्या कडब्याची गंजी रचली तर ती आतून धुमसून पेट घेते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना अधिक सांगायला नको. म्हणून सायलोत वेगवेगळ्या उंचीवर तापमापक सोडलेले असतात, कार्बन मोनॉक्साइडची घंटा असते, आणि बऱ्याच ठिकाणी प्राणवायू हटवायला आत नायट्रोजन सोडतात. धुमसायला लागल्यावर वरून पाण्याचा झोत मारणं हा पहिला मोह; पण झोताने धूळ उडते, आणि उडालेल्या धुळीला ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. दाण्यांवर थोडं तेल फवारतात तेही ही धूळ बसावी म्हणून. बंद सायलोत माणसाने उतरायचं नाही. आपल्याकडे धान्याचं पेव उघडल्यावर तासन्‌तास वारा लागू देत, त्याच कारणासाठी.

म्हणजे आमची कसरत अशी: झाकावं तर उष्णता कोंडते, उघडं ठेवावं तर ओल शिरते. मोठ्या कोठारांत यावर तोड म्हणून इमारत बंद ठेवून आतली हवा पंख्यांनी ओढून घेतात आणि ती रसायनांच्या फवाऱ्यातून किंवा लाकडाच्या चिपांच्या ओलसर गादीतून सोडतात. गादीत वाढलेले जिवाणू वासाचे वायू खाऊन टाकतात. ज्या जातीच्या प्राण्यांनी वास केला त्यांच्याच भाऊबंदांकडून तो निस्तरून घ्यायचा, ही युक्ती मला या धंद्यातली सर्वांत आवडती.

वास नाही म्हणजे सगळं निर्धोक, असा अर्थ मात्र काढू नये. पीएफएएस नावाची जी चिवट रसायनं सध्या गाजताहेत ती वाळवल्याने जात नाहीत. मेन राज्याने २०२२ साली गाळ शेतात टाकण्यावर बंदीच घातली. भाजीच्या वाफ्यात काय घालावं हा त्यामुळे ज्याच्या त्याच्या विचाराचा प्रश्न आहे. मी स्वतः लॉनवर घालतो, मेथी-कोथिंबिरीला घालत नाही.

आता गराजमधलं पोतं. ते सिमेंटच्या जमिनीवर थेट ठेवू नका, काँक्रीटमधून ओल चढते. खाली फळी किंवा विटा घाला. वॉटर हीटर आणि भट्टीपासून दूर, भिंतीला न चिकटवता. अर्धं उरलेलं पोतं घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात ओता, पण दमट दिवशी नाही, नाहीतर ती हवाही आत कोंडली जाईल. कुत्रा असेल तर पिंप उंचावर. त्यांना हा वास फार आवडतो. लॉनवर टाकल्यावर पाऊस पडला तर दोन-तीन दिवस वास येणारच, तो ओल्या दाण्यांचा आहे आणि आपोआप जातो. घरी पाहुणे यायचे असतील त्या आठवड्यात खत घालू नये, इतकंच. आणि पोत्यातले दाणे मुठीत दाबल्यावर सुटे न राहता लाडवासारखे वळले गेले, तर त्यांना ओल लागली आहे. ते परत पिंपात भरू नका. त्याच दिवशी गवतावर पसरून टाका.